चिपचं पाकीट फोडण्याआधी

"आत्या, पाच मिलिमीटरचं पॉकेट आहे, थेट चिप ठेवू का?" हा तुझा प्रश्न फोनवर हो-नाही म्हणून संपवण्यासारखा नाही, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. तुझा दवाखाना तालुक्याच्या गावी. हिरड्यांचा तज्ज्ञ गाठायचा तर जिल्ह्याला जावं लागतं आणि बाजाराच्या दिवशी तुझ्या बाहेरच्या बाकावर बसायला जागा नसते. अशा ठिकाणी हिरडी आणि दाताच्या मधल्या पॉकेटात ठेवायचं चिपसारखं औषध उपयोगी पडतं, यात शंका नाही. पण ते कोणत्या पॉकेटात ठेवायचं, कधी, आणि त्याआधी काय काय झालेलं असायला हवं, हे एकदा डोक्यात पक्कं बसू दे.

आधी प्रोब हातात घे. प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजायच्या, गालाकडून तीन आणि जिभेकडून तीन. गर्दीच्या वेळी पुढचे दोन-चार दात मोजून भागवावंसं वाटतं, पण पायोरिया लपून बसतो तो मागच्या दाढांच्या मधल्या फटीत. हात हलका हवा. वीस-पंचवीस ग्रॅम दाब पुरतो. प्रोबचं टोक स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली सरकवून बघ. दुखलं नाही तर दाब बरोबर आहे. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार आले तर लक्ष ठेवायचं. पाच किंवा जास्त आले आणि प्रोब काढल्यावर रक्ताचा ठिपका उमटला, तर तक्त्यावर त्या जागेभोवती लाल पेनाने गोल कर.

पण पहिल्या दिवशीच्या त्या आकड्यावर औषधाचा निर्णय घ्यायचा नाही. सुजलेल्या हिरडीत प्रोब खऱ्या तळाच्या पुढे घुसतो, त्यामुळे पाच लिहिलेलं पॉकेट पुष्कळदा चारचंच असतं. शिवाय हिरडी वर सुजून आल्यामुळे दिसणारी खोली वेगळी आणि खाली हाड झिजल्यामुळे झालेली खोली वेगळी. म्हणून आकड्याशेजारी हिरडीची कड कुठे आहे तेही टिपून ठेव, आणि एक्स-रे बघितल्याशिवाय हाडाबद्दल काही बोलू नकोस.

आता हे औषध पॉकेटातच का ठेवायचं, ते नीट समजून घे. कारण कळलं की पुढच्या निम्म्या अडचणींची उत्तरं तुझी तुलाच सुचतील. पॉकेट कोरडं नसतं. त्याच्या भिंतींतून सतत पाझर चालू असतो. बोस्टनच्या फोर्साइथ संस्थेतल्या मॅक्स गुडसन यांनी त्याचं गणित मांडलं. पाच मिलिमीटरच्या पॉकेटातला द्रव तासाभरात सुमारे चाळीस वेळा बदलतो. म्हणजे आत सोडलेलं पातळ औषध मिनिटा-दोन मिनिटांतच धुऊन निघायला लागतं. गुळणीचं औषध तर हिरडीच्या कडेखाली जवळजवळ पोचतच नाही. पेशंट महिनोन्‌महिने महागडं माउथवॉश वापरतो आणि तरी दाढेतून रक्त येतच राहतं, त्याचं कारण हेच.

बरं, गोळी द्यावी, तर टेट्रासायक्लिनची गोळी रक्तातून त्या पाझरात येते खरी, पण मिलिलिटरला चार ते आठ मायक्रोग्रॅम एवढीच. आणि पॉकेटातले जंतू सुटे नसतात. ते मुळाला चिकट थर करून बसलेले असतात, आणि अशा थरातल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंच्या कितीतरी पट, कधी हजारपटही तीव्र औषध लागतं. तेवढं औषध गोळीतून द्यायचं म्हटलं तर पेशंटच्या पोटाचं, यकृताचं काय होईल, याचा विचारही नको.

गुडसन यांनी १९७९ साली टेट्रासायक्लिन भरलेला बारीक पोकळ धागा पॉकेटात ठेवून बघितला आणि या सगळ्या विचाराला दिशा मिळाली. पुढे औषध धाग्यातच मिसळलं गेलं. तो धागा पॉकेटातल्या पाझरात दहा दिवस मिलिलिटरला हजार मायक्रोग्रॅमच्या वर पातळी टिकवून धरायचा. आणि सगळ्या धाग्यात मिळून औषध किती, तर बारा-तेरा मिलिग्रॅम. गोळ्यांनी दिवसाला एक ग्रॅम पोटात जातं, तरी हिरडीत त्याचा अंशच पोचतो. हे वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो आजही आठवतो. जिथे दुखणं आहे तिथेच औषध, आणि बाकी सगळ्या शरीराला त्याची झळ नाही.

त्या धाग्याला १९९४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, पण तो ठेवणं फार किचकट होतं. पॉकेटात घड्या घालत भरायचा, वरून चिकटद्रव्याने बंद करायचा आणि दहा दिवसांनी पुन्हा बोलावून काढायचा. पेशंट दहा दिवसांनी आला नाही तर डोक्याला काळजी. १९९८ साली क्लोरहेक्सिडीनची चिप आणि डॉक्सिसायक्लिनचं जेल आलं, २००१ साली मिनोसायक्लिनचे सूक्ष्म कण आले. ही औषधं आपोआप विरघळून जातात, काढायला परत बोलवावं लागत नाही. म्हणून धागा मागे पडला. आपल्याकडे चिप मिळते, तसे टेट्रासायक्लिन मुरवलेले कोलॅजनचे तंतूही लहान कुपीत मिळतात.

एवढं तीव्र औषध आहे, तर सफाईचा खटाटोप कशाला, असं तुला वाटेल. पेशंटला तर वाटतंच. इथेच सगळी गोम आहे. मुळावरचं कीटण दगडासारखं घट्ट असलं तरी आतून सच्छिद्र असतं, आणि त्याच्या फटींत जंतू आणि त्यांचं विष साठलेलं असतं. औषध वरच्या थरापर्यंत पोचतं, तळाशी बसलेल्या कीटणाला ते हलवू शकत नाही. दहा दिवसांनी औषध संपतं, कीटण जागेवरच असतं, आणि त्याच्या खडबडीत अंगावर नवा थर बसायला वेळ लागत नाही. मग दोन महिन्यांनी तोच पेशंट तीच सूज घेऊन येतो. पैसे गेलेले असतात आणि तुझ्यावरचा विश्वासही. म्हणून आधी मूळ साफ करायचं. औषध त्याच्या मदतीला, त्याच्या जागी कधीच नाही. माझ्याकडून एवढी एकच गोष्ट घेतलीस तरी माझं लिहिणं कामी आलं.

सफाई कशी करावी हे तू शिकलेली आहेस, तरी काही गोष्टी पुस्तकात ठळक नसतात. क्युरेटला धार असलीच पाहिजे. बोथट क्युरेट कीटण काढत नाही, ते घासून गुळगुळीत करतं, आणि मग एक्स्प्लोररलाही ते लागत नाही. पेशंट बसवण्याआधी प्लॅस्टिकच्या काडीवर धार तपासून बघायची सवय लाव. दाढेच्या पुढच्या बाजूला ग्रेसी अकरा-बारा आणि मागच्या बाजूला तेरा-चौदा घ्यायचा. एकाच क्युरेटने सगळं उरकायचं नाही. खोल पॉकेट असेल तर इंजेक्शन देऊन बधिर कर. दुखत असलं की पेशंट अंग चोरतो आणि आपला हात आपोआप वरच्या वर फिरतो. अल्ट्रासोनिकची बारीक टोकाची टीप मिळाली तर जरूर घे, खर्चाची आहे पण खोल जाते. आणि मूळ खरवडून अगदी काचेसारखं करायचा जुना आग्रह आता उरलेला नाही. कीटण आणि थर निघाला पाहिजे, मुळाचं निरोगी आवरण मात्र राहू द्यायचं. मुळांच्या दुबेळक्यात जीव ओतून काम कर. तिथलं कीटण चुकलं तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते.

सफाईआधी पेशंटशी बोलणं हा उपचारच आहे, असं मी मानते. आपल्या लोकांत "सफाई केली की दात सैल होतात" ही समजूत खोल रुजलेली आहे. तिला हसू नकोस, ती अनुभवातून आलेली आहे. वर्षानुवर्षं कीटणाने दात एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. ते काढलं की हलणारे दात हलताना कळायला लागतात, हिरडीची सूज उतरते आणि दातांमध्ये फटी दिसतात. सोसायटीत हिशेब सांभाळणाऱ्या एक ताई अशा फटी पाहून रडायलाच लागल्या होत्या. त्यांना आरसा दाखवून आधीच सांगितलं असतं, तर त्या पुढच्या बैठकीला हसत आल्या असत्या. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात सफाईच्या आधी आरसा हातात द्यायचा आणि सरळ सांगायचं, असं ठरलं: हिरडी खाली बसेल, फट दिसेल, चार-आठ दिवस थंड-गरम लागेल, आणि हे बरं होण्याचं लक्षण आहे. हेच वाक्य आधी सांगितलं तर माहिती ठरतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

मग थांबायचं. हे थांबणं तुझ्यासारख्या कामसू मुलीला जड जाईल, पण चार ते सहा आठवडे त्या पॉकेटात प्रोब घालायचा नाही. आत नवी जोड तयार होत असते, ती उसवते. खोल पॉकेट असेल तर मी तीन महिने थांबते. या काळात पेशंटच्या हातात मऊ ब्रश आणि दातांच्या मधल्या फटीत जाणारा छोटा ब्रश दे, आणि तो त्याच्याकडून तुझ्यासमोर फिरवून घे. तोंडी सांगून भागत नाही. फटीच्या मापाचा ब्रश निवडून दे. फार बारीक असेल तर काहीच निघत नाही, जाड असेल तर हिरडी दुखते आणि तो कपाटात पडून राहतो.

तीन महिन्यांनी पुन्हा सगळं मोज. तक्ता समोर ठेवलास की दिसेल की लाल गोलांपैकी बरेचसे पुसायला आले आहेत. उरतात ती एक-दोन, फार तर चार हट्टी पॉकेटं, पाच-सहा मिलिमीटरची आणि रक्त येणारी. पॉकेटात ठेवायचं औषध आहे ते यांच्यासाठी. तुझ्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर हेच: थेट नाही, तीन महिन्यांनी, तेही उरलेल्या जागी.

तोंडभर पॉकेटं तशीच राहिली असतील तर चिपच्या वाटेला जाऊ नकोस. चिपच्या माहितीपत्रकात एका बैठकीत आठपर्यंत ठेवता येतात असं असतं. माझं मत असं, की आठ चिपा लागाव्यात अशी परिस्थिती असेल तर आपलं दुसरं काहीतरी चुकतंय. सफाई अपुरी असेल, साखर वाढलेली असेल, तंबाखू चालू असेल, नाहीतर पेशंट घरी ब्रशच लावत नसेल. आणि आठ मिलिमीटर खोल, खाली हाडात उभी खाच पडलेलं पॉकेट असेल तर ते शस्त्रक्रियेचं आहे. तिथे औषध ठेवून वेळ काढायचा म्हणजे पेशंटचं हाड घालवणं.

पेशंटला या औषधाचा खरा फायदा किती ते सांग, आणि आधी तू स्वतः तो नीट समजून घे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ साली सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या सफाईने हिरडीची मुळाशी असलेली जोड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते. सफाईबरोबर क्लोरहेक्सिडीनची चिप ठेवली तर त्यावर सुमारे ०.४ मिलिमीटरची भर पडते, डॉक्सिसायक्लिनच्या जेलने ०.६, मिनोसायक्लिनच्या कणांनी पाव मिलिमीटरच्या आसपास. आकडे छोटे वाटतील. पण पाचाचं पॉकेट चारावर आलं तर तिथे ब्रश पोचायला लागतो, रक्त थांबतं आणि शस्त्रक्रिया टळते. आठाचं साडेसातावर आलं तर पेशंटच्या आयुष्यात काहीच बदलत नाही. तीच भर एका ठिकाणी दात वाचवते आणि दुसऱ्या ठिकाणी वाया जाते, म्हणून जागा निवडण्यात तुझं कसब आहे. युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही या औषधांचा विचार करता येईल एवढंच म्हटलं आहे, द्याच असं म्हटलेलं नाही. औषध विकायला येणारी माणसं रंगीत तक्ते दाखवतील. त्यांना चहा दे आणि निर्णय तुझ्या तक्त्यावरून घे.

ठेवायच्या आधी विचारायचे प्रश्न आता सांगते, हे चुकवू नकोस. टेट्रासायक्लिन किंवा डॉक्सिसायक्लिनची गोळी घेऊन कधी पुरळ, सूज आली होती का? बाई गरोदर आहे का, अंगावर पाजते आहे का? तसं असेल तर टेट्रासायक्लिनच्या जातीचं काहीच नको, पॉकेटातलंही नको. आठ वर्षांखालच्या मुलांनाही नको, त्यांच्या येणाऱ्या दातांवर कायमचे डाग पडतात. क्लोरहेक्सिडीनची ॲलर्जी क्वचित असते, पण असली तर जिवावर बेतू शकते. म्हणून गुळणीच्या औषधाने कधी ओठ, जीभ सुजली होती का, ते विचारायचं. आणि हिरडीत पू धरलेला असेल, गाठ ठणकत असेल तर आधी पू काढ, साफ कर. पू भरलेल्या जागी चिप ठेवत नाहीत.

आणखी एक गोष्ट विचार, ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात तुला सापडणार नाही. यातल्या काही चिपा माशाच्या कोलॅजनपासून केलेल्या असतात, काही जिलेटिनच्या असतात आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं. तुझ्या भागात गळ्यात तुळशीची माळ असलेले माळकरी आहेत, जैन घरं आहेत. ज्या माणसाने जन्मभर मासा तोंडात घातला नाही, त्याच्या हिरडीत न सांगता माशाचा अंश ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. पाकिटावरचं नीट वाच आणि स्पष्ट सांग. बरेच जण औषध म्हणून चालेल म्हणतात, काही नको म्हणतात. दोघांचाही मान राख. नको म्हणणाऱ्याची सफाई आणखी जोमाने कर आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठव. माशाची ॲलर्जी असलेल्यालाही हाच प्रश्न कामाला येतो.

ठेवायची रीत फार अवघड नाही, पण कोरडेपणावर सगळं अवलंबून आहे. सफाई करून रक्त येत असतानाच चिप घातलीस तर ती रक्ताबरोबर तरंगत वर येते. आधी हळुवार दाबून रक्त थांबव, दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या लाव, हवेने जागा कोरडी कर. चिप अगदी लहान असते, चार बाय पाच मिलिमीटर, जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तिच्यात अडीच मिलिग्रॅम क्लोरहेक्सिडीन असतं. ओल लागली की ती मऊ पडते आणि वाकते, मग आत जात नाही. म्हणून चिमट्यात धरली की रेंगाळायचं नाही. गोल कड आत करून, मुळाच्या अंगाने, तळ लागेपर्यंत सरळ सरकवायची. हिरडीच्या कडेच्या वर काही दिसता कामा नये. पहिल्या चोवीस तासांत तिच्यातलं साधारण चाळीस टक्के औषध सुटतं, उरलेलं पुढच्या सात-दहा दिवसांत. कोलॅजनचे तंतू असतील तर ते सलाइनमध्ये ओले करून, थोडे थोडे, तळापासून भरत यायचं आणि वरून बोटाने हिरडी दाबून धरायची. जेल असेल तर सिरिंजचं टोक तळाशी टेकव आणि भरत भरत वर ये. वरून भरलंस तर तळाशी हवा राहते.

ठेवल्यावरच्या सूचना कागदावर लिहून दे, मोठ्या अक्षरात. त्या दिवशी त्या दातावर ब्रश नाही. दहा दिवस त्या फटीत दोरा किंवा फटीचा ब्रश घालायचा नाही. बाकीचं तोंड मात्र रोजच्यासारखं स्वच्छ करायचं. हे सांगायचं विसरलं की पेशंट दहा दिवस ब्रशच लावत नाही. आठवडाभर चिक्की, भाजलेले शेंगदाणे, सुपारी, चिवडा, असं कडक किंवा चिकट त्या बाजूने चावायचं नाही. थोडं झिणझिणलं किंवा एखादा दिवस दुखलं तर घाबरायचं नाही. सूज, ताप, पू दिसला तर ताबडतोब यायचं. आणि दवाखान्याचा फोन नंबर त्याच कागदावर असू दे.

आता साखर आणि तंबाखू. गावाकडे हिरड्या बिघडण्यात यांचा हात फार मोठा. ज्याच्या तोंडात एकाएकी बरीच पॉकेटं निघतात, हिरडीत वरचेवर गळू होतं, त्याला मधुमेह माहीत नसला तरी एचबीएवनसीची तपासणी सांग. कितीतरी माणसांना आपली साखर पहिल्यांदा दातांच्या दवाखान्यात कळते. आणि साखर आटोक्यात नसेल तर पॉकेटात काहीही ठेवलं तरी सूज परत येते. उलट बाजूनेही हे खरं आहे. हिरड्यांचा उपचार नीट झाला तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. तू आणि त्या पेशंटचा फिजिशियन एकमेकांना चिठ्ठी लिहीत जा.

बायकांच्या बाबतीत मिश्रीचा प्रश्न वेगळाच. तव्यावर भाजलेली तंबाखू, काळी पूड करून सकाळी बोटाने दातांना लावायची. अनेकींना ती लहानपणी आईने किंवा लग्नानंतर सासूने लावून दिलेली असते, आणि "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं त्या अगदी मनापासून सांगतात. रागावून काही होत नाही. दोनदा लावत असतील तर एकदा करा, एकदा लावत असतील तर बोट हिरडीला नको, तिथून सुरुवात कर आणि सोडायच्या दिशेने हळूहळू ने. गरोदर बाईला मात्र पूर्ण बंद करायला सांग, आणि हे सांगताना तिची सासू बरोबर असेल तर तिलाही आत बोलाव. विडी-सिगरेट ओढणाऱ्याची हिरडी फसवी असते. ती फिकट, घट्ट दिसते, रक्तही कमी येतं, आणि खाली हाड गेलेलं असतं. त्याच्या बाबतीत रक्त नाही म्हणून समाधान मानू नकोस, आकडा आणि एक्स-रे बघ.

लोक गोळ्या मागतील. "डॉक्टर, सफाई नको, गोळी लिहून द्या," हे तुला रोज ऐकायला मिळत असेल. मेडिकलमधून मेट्रोनिडॅझोलच्या दोन गोळ्या परस्पर घेऊन, सूज उतरली की उरलेलं पाकीट डब्यात ठेवणारी घरं तुझ्याही ओळखीची आहेत. याने जंतू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात. आपल्या देशात २०१६ पासून लाल रेघेची मोहीम सुरू आहे. पाकिटावर उभी लाल रेघ असली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ती रेघ प्रत्येक पेशंटला बोट ठेवून दाखव. पॉकेटातल्या औषधाची मला वाटणारी मोठी किंमत इथे आहे. थोड्या मिलिग्रॅममध्ये काम होतं आणि आतड्यातल्या जंतूंना हात लागत नाही. तरीही त्यातसुद्धा प्रतिजैविक टाळता आलं तर टाळ. क्लोरहेक्सिडीन प्रतिजैविक नाही, जंतुनाशक आहे. दोन्ही उपलब्ध असतील आणि दुसरं काही कारण नसेल, तर मी चिपकडे आधी हात नेते. गोळ्या मात्र काही ठिकाणी लागतात. ऐन विशी-पंचविशीतल्या पोराच्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात भराभर हलायला लागले असतील तर तिथे एखादी चिप पुरणार नाही. कसून सफाई आणि तिच्या जोडीला विचार करून दिलेल्या गोळ्या लागतात. असा पेशंट तू एकटीने हाताळू नकोस.

पैशाचं सांगायचं राहिलं. प्रत्येक जागेचे वेगळे पैसे होतात, आणि शेतमजूर बाईला ते जड असतात. आधी आकडा सांग, फायदा सांग, आणि न ठेवता फक्त सफाई आणि नियमित तपासणी हाही पर्याय आहे हे तेवढ्याच मोकळेपणाने सांग. तू तिचं घर शोधू शकतेस, ती तुझा दवाखाना शोधू शकते. अशा ठिकाणी एकदा खरं बोलणाऱ्या डॉक्टरचं नाव झालं की ते पुढे चार पिढ्या चालतं.

ठेवल्यानंतर तीन महिन्यांनी त्या जागेवर पुन्हा प्रोब घाल. पेशंटच्या कार्डावर मराठीतच लिही: "खालची उजवी पहिली दाढ, मागची बाजू, आधी ६, आता ४, रक्त नाही." पेशंट ते वाचतो, घरी दाखवतो आणि ब्रश करायला त्याला कारण मिळतं. पॉकेट अजून पाचाच्या वर असेल आणि रक्त येत असेल, तर एकदा पुन्हा मूळ साफ करून औषध ठेवायला हरकत नाही. त्यानंतरही हललं नाही तर तिसऱ्यांदा त्याच वाटेने जाऊ नकोस. प्रत्येक वेळचे आकडे, एक्स-रे, साखरेचा रिपोर्ट, ठेवलेल्या औषधाचं नाव आणि तारखा असा सगळा कागद बरोबर देऊन जिल्ह्याच्या हिरडीतज्ज्ञाकडे पाठव. आणि पाठवलंस की आठवड्याने पेशंटला स्वतः फोन करून विचार, गेला होतात का.